मदत हवी आहे : ताईसाठी कोणती मानसोपचार पद्धती निवडावी?

नमस्कार. मी सांगलीत विश्रामबागला राहते. प्रश्न माझ्या मोठ्या बहिणीविषयी आहे. तिला विचारूनच लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील मात्र गाळले आहेत.

ताईचे घर सांगलीच्या गावभागात, म्हणजे नदीजवळच्या जुन्या वस्तीत आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हा तिला आणि दाजींना बोटीतून बाहेर काढावे लागले. पुढची दोन वर्षे त्रास पावसाळ्यापुरता होता. २०२१च्या जुलैत पुन्हा पाणी आले आणि तो बारमाही झाला. घराचा उतारा, पासबुके, विम्याचे कागद असलेली एक प्लॅस्टिकची पिशवी ती रोज झोपण्यापूर्वी उघडते, प्रत्येक कागद मोजते, पिशवी बांधते आणि पुन्हा उघडते. त्यानंतर मेन स्विच आणि गॅसचे बटण. यात रोज दीड-दोन तास जातात, माघ महिन्यातही. पावसाळ्यात ती मला दर तासाला फोन करून पातळी विचारते आणि मीही जलसंपदा विभागाचे आकडे पाहून सांगत राहते. शिवाय ओल्या भिंतीचा वास आला की ती दचकते, घाटाकडचा रस्ता टाळते आणि बोटीचे स्वप्न पडून रात्री उठून बसते.

मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या सुरू केल्या, त्याने झोप सुधारली. त्यांनी ‘सोबत सीबीटी (विचार आणि वर्तन यांवर काम करणारा मानसोपचार) करा’ असे सांगितले, पण ती कोणाकडे आणि कोणत्या प्रकारची, हे त्या गर्दीच्या ओपीडीत विचारायचे राहून गेले. नंतर एका समुपदेशकांकडे सहा भेटी झाल्या. ते शांतपणे ऐकत आणि धीर देत. ताईला हलके वाटे, पण घरी आल्यावर पिशवी उघडली जाईच. पुण्यातील नात्यातल्या एकांचा ईएमडीआरचा, म्हणजे डोळ्यांच्या हालचाली करवत आघाताच्या आठवणींवर काम करणाऱ्या पद्धतीचा आग्रह आहे. एका परिचितांनी पूर्वजन्मात नेणाऱ्या संमोहनाचा पत्ता दिला, तेव्हा मी विषय बदलला.

माझ्या वाचनातून समजले ते असे. सीबीटी ही एकच पद्धत नसून ते कुळाचे नाव आहे. मंत्रचळासाठी, म्हणजे ओसीडीसाठी, त्यातील ईआरपी या पद्धतीला सर्वांत भक्कम आधार आहे. भीती जागी करणाऱ्या गोष्टीला पायरीपायरीने सामोरे जायचे आणि त्यानंतरची मोजण्या-तपासण्याची कृती करायची नाही, असे तिचे सूत्र. लंडनमध्ये व्हिक्टर मायर यांनी १९६६मध्ये या मार्गाने बऱ्या होत गेलेल्या दोन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली, तिथून ही वाट रुंद होत गेली. आघातानंतरच्या त्रासासाठी, म्हणजे पीटीएसडीसाठी, आघातकेंद्री सीबीटी आणि ईएमडीआर या दोन्हींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३मध्ये केली आहे. ईएमडीआर फ्रान्सिन शपिरो यांनी १९८७च्या सुमारास सुरू केली. तिचा उपयोग होतो याबद्दल फारसा वाद नाही, डोळ्यांच्या हालचालींचा त्यात वाटा किती, याबद्दल आहे. कि. मो. फडके यांच्यामुळे आपल्याकडे परिचित झालेली अल्बर्ट एलिस यांची, अविवेकी विचार तपासून बदलण्याची विवेकनिष्ठ पद्धतही मी ताईला समजावून पाहिली. विचार अविवेकी आहे हे तिला पटते, तरी हात पिशवीकडे जातोच.

तेव्हा माझी अडचण पद्धतींच्या नावांची नाही. ताईचा त्रास मंत्रचळात बसतो की आघातात, हे मला ठरवता येत नाही आणि दोन्हींचे मार्ग वेगळे आहेत. दुसरे असे की ईआरपीमध्ये भीतीला सामोरे जायचे, तर इथे भीती निराधार नाही. पाणी खरोखरच येते, दोनदा येऊन गेले आहे. अशा वेळी ‘तपासू नको’ असे कोणी कोणत्या तोंडाने सांगायचे? ज्यांनी हे अनुभवले आहे किंवा जे या क्षेत्रात काम करतात, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ (मिरजेहून)

माझ्या यजमानांना हात धुण्याचा मंत्रचळ होता आणि ईआरपीच्या सोळा भेटींनंतर तो आटोक्यात आला. आमच्या थेरपिस्ट बाईंनी पहिल्या दोन भेटी केवळ माहिती घेण्यात घालवल्या, तेव्हा मला पैसे वाया गेल्यासारखे वाटले होते. आता तसे वाटत नाही. त्यांनी भीतीची शिडी करून घेतली, प्रत्येक पायरीला शून्य ते शंभर गुण दिले आणि चाळीसच्या आसपासच्या पायरीपासून सुरुवात केली. भेटीपेक्षा घरचा अभ्यास मोठा होता.

आपण दर तासाला पातळी सांगता, ते प्रेमापोटीच. मीही ‘हात स्वच्छ आहेत हो’ असे दिवसातून वीस वेळा सांगत असे. धीर दिला की तेवढ्यापुरती भीती उतरते आणि पुढच्या वेळी धीर मागण्याची गरज वाढते. मात्र हे एका दिवसात बंद करू नका. थेरपिस्ट, ताई आणि तुम्ही तिघींनी मिळून टप्पे ठरवा, अन्यथा घरात फक्त भांडणे होतात.

प्रतिसाद २ (चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, सातारा)

इथे निदान करणे योग्य नव्हे, पण निवड कशी होते ते सांगतो. दोन्ही त्रास एकाच व्यक्तीत असू शकतात, आणि ‘पिशवी मोजली नाही तर काय होईल?’ या प्रश्नाच्या उत्तरातून बरेच कळते. ‘काहीतरी वाईट घडेल आणि ते मी टाळले नाही असे होईल’ हे उत्तर मंत्रचळाकडे बोट दाखवते. पुराचे दृश्य डोळ्यांपुढे येऊ नये म्हणून मोजणे होत असेल, तर आघाताकडे. मंत्रचळाची तीव्रता येल-ब्राऊन मापनश्रेणीवर शून्य ते चाळीस अशी मोजता येते. तोच आकडा काही आठवड्यांनी पुन्हा मोजल्यास उपचार लागू पडत आहे की नाही, हेही दिसते. सहसा आज दिवसाचा जास्त भाग जो त्रास खातो, त्यापासून सुरुवात करतात. बोटीच्या स्वप्नांनी ईआरपीचा अभ्यासच अशक्य होत असेल, तर क्रम उलटा करावा लागतो.

खऱ्या धोक्याबद्दलची आपली शंका रास्त आहे. ईआरपीचा उद्देश सावधगिरी काढून टाकणे हा नसतो. गावभागातील एखादा समंजस शेजारी जेवढी काळजी घेतो, तेवढी ताईंनीही घ्यावी. जूनमध्ये पिशवी एकदा भरून वरच्या मजल्यावर ठेवावी आणि पातळीने ४० फुटांची इशारा पातळी गाठली की प्रशासनाच्या सूचनांप्रमाणे वागावे. माघातले मोजणे या यादीत बसत नाही, म्हणून शिडीची पहिली पायरी मी हिवाळ्यातच घेईन.

थेरपिस्ट निवडताना आरसीआयची (भारतीय पुनर्वसन परिषदेची) नोंदणी पाहा आणि थेट विचारा : मंत्रचळाचे किती रुग्ण आपण ईआरपीने हाताळले, भेटीत नेमके काय करता, घरी काय अभ्यास देता, बारा भेटींत फरक दिसला नाही तर पुढे काय? ‘आम्ही सगळ्या पद्धती मिसळून वापरतो’ एवढेच उत्तर मिळाले, तर मी स्वतः दुसरीकडे जाईन. जवळ कोणी न मिळाल्यास व्हिडिओवरून मराठीत काम करणारे पाहा. अंतरापेक्षा भाषा महत्त्वाची. गोळ्या परस्पर बंद करू नका. जगणे नकोसे झाल्याची भाषा ताईंच्या बोलण्यात आली, तर हा सारा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावरही बोलता येते.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचे मनापासून आभार. काल रात्री पिशवी बांधून झाल्यावर मी ताईला तो प्रश्न विचारला. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “मोजलं नाही म्हणून पाणी येतं असं नाही गं. पण आलंच, तर या वेळीही चूक माझीच असंल.” ‘या वेळीही’ म्हणजे काय, असे विचारल्यावर कळले की २०१९ला दाजींचे सेवापुस्तक आणि आईचे फोटो तिने खालच्या कपाटात ठेवले होते आणि ते भिजून गेले. पाच-सहा वर्षांत तिने हे कोणालाही सांगितले नव्हते. त्या सहा भेटींतही नाही.

प्रतिसाद २ (पुन्हा)

हे वाक्य तिच्याच शब्दांत कागदावर लिहून पहिल्या भेटीला न्या. अपराधाची ही भावना दोन्ही त्रासांना जोडणारा दुवा असू शकते. तसे असेल तर केवळ मोजणे थांबवून भागणार नाही. त्या कपाटाविषयीही बोलावे लागेल, आणि तेही काम आघातकेंद्री सीबीटीत बसते. म्हणून ईआरपी आणि आघात या दोन्हींचे प्रशिक्षण असलेली व्यक्ती शोधा.

धागाकर्ती

मिरजेच्या प्रतिसादातील थेरपिस्ट बाईंचे नाव व्यक्तिगत निरोपातून मिळाले. त्यांनी दोन्ही प्रकारचे काम केलेले आहे, हे फोनवर विचारून घेतले. येत्या गुरुवारची वेळ मिळाली आहे. ताई येईन म्हणाली, मात्र पिशवी सोबत घेऊन.