सांडपाणी 1968 मध्ये थांबले, मग पाणी 1976 मध्ये पुन्हा का निवळले?

काठावरचा:
सिएटलच्या लेक वॉशिंग्टनमध्ये जाणारे सांडपाणी 1963 ते 1968 या काळात टप्प्याटप्प्याने दुसरीकडे वळवण्यात आले आणि त्यानंतर शैवाल ओसरले, इथपर्यंत समजते. परंतु 1976 मध्ये, वेगळा कोणताही उपाय केलेला नसताना, पाणी एकाएकी आणखी नितळ कसे झाले?

जलमापक:
शैवाल ओसरले ते सांडपाण्यातून येणारा फॉस्फरस घटल्यामुळे. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात 1973 मध्ये ‘लेक 226’ हे सरोवर मधोमध पडदा लावून विभागले गेले. एका भागात कार्बन व नायट्रोजन, तर दुसऱ्यात त्यांच्या जोडीला फॉस्फरसही घातला. हिरवा झाला तो दुसराच भाग. नायट्रोजन कमी पडला तरी काही नीलहरित शैवाले तो हवेतून मिळवतात, फॉस्फरसची मात्र तशी सोय नाही. 1976 चे कोडे यातून सुटत नाही, हे मान्य.

निवळी:
ते कोडे खाणाऱ्यांकडून सुटते. त्या वर्षी डाफ्निया हा जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा, पाणी गाळून शैवाल खाणारा जीव तिथे विपुल झाला. तोवर त्याला दोन अडचणी होत्या: कोळंबीसारखा दिसणारा नीओमायसिस त्याला खात असे, आणि ऑसिलेटोरिया या शैवालाचे लांब तंतू त्याच्या गाळणीत अडकत. नीओमायसिसला खाणारे स्मेल्ट मासे वाढल्यामुळे तो आधीच घटला होता. फॉस्फरस कमी झाल्यावर तंतूही यथावकाश नाहीसे झाले. पाण्यात दोरीने सोडलेली पांढरी तबकडी 1963 च्या सुमारास मीटरभर खोलीवरच दिसेनाशी होई. 1976 नंतरच्या उन्हाळ्यांत ती सुमारे 7 मीटरपर्यंत दिसू लागली.

काठावरचा:
म्हणजे आमच्या गावच्या तळ्यात योग्य मासे सोडले, तर सांडपाण्याचा खर्चिक प्रश्न टाळता येईल का?

निवळी:
नाही. लेक वॉशिंग्टनमध्येही डाफ्नियाची वाट आधी फॉस्फरस घटल्यामुळेच मोकळी झाली, हे विसरू नये. शिवाय उष्ण प्रदेशात बारीक मासे जवळजवळ वर्षभर पैदास करून मोठ्या डाफ्नियांना फारसे टिकू देत नाहीत, आणि तळ उकरणारे मासे सोडले तर गाळातला फॉस्फरस पुन्हा पाण्यात मिसळतो. तेव्हा आधी तळ्यात उतरणारी गटारे मोजावीत. माशांचा विचार त्यानंतर.