मेल उघडायच्या आधी तोंड दिसायला पाहिजे का?

छापखानेवाला (म्हापसा):
मंडळी, वाद घालायचाच म्हणून लिहितोय. माझा छोटा छापखाना आहे, पत्रिका, स्मरणिका, बिलबुकं असलं काम. माझ्या मेलात तीन एस. नाईक आहेत. एक मयेचे, सप्ताहाची स्मरणिका करतात ते, एक वकील आणि एक कागदवाले. गोव्यात नाईक किती ते तुम्हाला सांगायला नको. गेल्या श्रावणात घाईत स्मरणिकेचं प्रूफ वकिलांना गेलं. बिचाऱ्यांनी उत्तर पाठवलं, "हे माझं नव्हे, पण पान ४ वर विठ्ठल चुकलाय."
त्यानंतर थंडरबर्डात (कॉम्प्युटरवर मेल बघायचं सॉफ्टवेअर) पाठवणाऱ्याचा फोटो दाखवणारं अ‍ॅडऑन, म्हणजे वरनं जोडायचा छोटा प्रोग्राम, टाकलं. मेलच्या यादीतच नावाशेजारी गोल फोटो येतो. आधी आपल्या अ‍ॅड्रेस बुकात बघतं, तिथे नसला तर ग्रॅव्हटारकडे, म्हणजे मेलच्या पत्त्याला लावलेले फोटो साठवणाऱ्या वेबसाइटकडे, विचारतं, तिथेही नसला तर नुसतं अक्षर. आता वकिलांचा काळा कोट लांबूनच दिसतो. माझं म्हणणं एवढंच, की प्रत्येकानं हे टाकून घ्यावं.

कुळागर:
मी विरोधात. एक प्रश्न विचारतो, अ‍ॅडऑन टाकताना त्यानं तुमचे मेल वाचायची परवानगी मागितली की नाही? आणि तुम्ही हो म्हटलंत. तीन नाईक ओळखायला सगळा मेलबॉक्स कुणा अनोळखी माणसाच्या हातात द्यायचा, हे म्हणजे उंदरासाठी घर पेटवल्यासारखं झालं.
दुसरं, उघडलेल्या मेलच्या माथ्यावर फोटो दाखवायची सोय थंडरबर्डात मुळातच आहे. वरच्या पट्टीत मोअर, मग कस्टमाइझ, तिथे टिक करायची, फोटो तुमच्या अ‍ॅड्रेस बुकातून येतो. अ‍ॅडऑन कशाला?

छापखानेवाला (म्हापसा):
ती टिक माझ्याकडे आहे हो. पण मेल उघडल्यावर कळून काय उपयोग? गोंधळ यादीत होतो, दुपारी अडीचला, ५० मेल पडलेले आणि शुक्रवारच्या बाजारामुळे बाहेर हॉर्न चालू.

मोगरा:
मी छापखानेवाल्यांच्या बाजूची, पण एक गंमत सांगते. माझा भाऊ तारवटी आहे. बोटीवरनं मेल यायचा तो बोटीच्या एकाच पत्त्यावरनं, मी त्या पत्त्याला त्याचा फोटो लावून ठेवला आईसाठी. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, बारीक अक्षर नको वाटायचं, फोटो बघून "बाबूचा आला गे" म्हणायची. मग भाऊ घरी आला सुट्टीवर, गणपतीवरची माटोळी बांधायला चौरंगावर चढलेला, आणि इकडे आई हाक मारते की बाबूचा मेल आलाय! बघते तर काय, त्याच पत्त्यावरनं त्याच्या जागी गेलेल्या फिलिपिनो मुलानं विचारलेलं, कपाटाची चावी कुठे ठेवलीस. खाली आमच्या बाबूचं हसरं तोंड.
तरीही मी फोटो काढला नाही.

कुळागर:
माझ्यासाठी तुम्हीच पुरावा दिलात, मोगराताई. फोटो माणसाचा नसतो, पत्त्याचा असतो. पत्त्यामागे कोण बसलंय हे त्याला काय ठाऊक? उद्या कुणी पाठवणाऱ्याच्या खान्यात तुमच्या भावाचा पत्ता जसाच्या तसा खोटा घातला आणि तो मेल तपासणीतून निसटून आला, तर अ‍ॅडऑन तुम्हाला तोच हसरा फोटो दाखवणार. आणि तोंड बघितलं की माणूस पत्ता बघायचं सोडतो. पैसे बुडतात ते तिथे.

फोंडेकर:
थांबा जरा, इथे दोन वेगळ्या गोष्टींची भेळ होतेय. अ‍ॅड्रेस बुकातला फोटो तुम्ही स्वतः लावलेला असतो, तो फक्त त्या एका पत्त्याला लागतो. एक अक्षर इकडचं तिकडे केलेल्या बनावट पत्त्यावरनं मेल आला तर फोटो येणारच नाही, नुसतं अक्षर. म्हणजे फोटो नसणं हीच खूण झाली. आमच्या ऑफिसात हे घडलंय, एका सप्लायरच्या नावानं "बँक खातं बदललं" असा मेल आला, आमच्या अकाउंट्सवालीनं म्हटलं, सर यांचं तोंड कुठे गेलं? बघतो तर पत्त्यात एल च्या जागी आकडा १.
ग्रॅव्हटारचं उलटं. तिथे कुणीही आपल्या पत्त्याला कुठलाही फोटो लावू शकतो. त्या ठगानं सप्लायरचा फोटो तिथे टाकला असता तर आमच्याकडेही तोच दिसला असता आणि पैसे गेले असते. म्हणून भांडायचं तर ग्रॅव्हटारशी भांडा.

कुळागर:
हे पटलं. आणि ग्रॅव्हटारचं अजून एक. अ‍ॅडऑन त्यांना पत्ता पाठवत नाही, पत्त्याचा हॅश, म्हणजे त्यापासून गणितानं काढलेली अक्षरांची ओळ, पाठवतं, म्हणून लोकांना वाटतं सुरक्षित आहे. सगळी वर्षं तो एमडी५ पद्धतीचा होता, पत्ता लहान लिपीत करायचा आणि ३२ अक्षरांची ओळ काढायची, बस. त्यात मीठ नाही की मसाला नाही, एका पत्त्याची ओळ जगभर एकच. अंदाजानं पत्ते बनवून जुळवत बसलं की उलगडतं. २०२० मध्ये तिथून १६ कोटी ७० लाख प्रोफाइलं खरवडून नेली, त्यातल्या ११ कोटी ४० लाख हॅशांचे पत्ते शोधूनही काढले. आता एसएचए२५६ ही नवी पद्धत वापरता येते म्हणतात, पण अंदाज लावणाऱ्याला त्याचं काय?
आणि तुम्हाला कोण कोण मेल पाठवतं ही यादी तुम्ही त्यांच्या सर्व्हरला स्वतःहून देताय, ते वेगळंच. वकिलांच्या अशिलाला कुणी विचारलं?

पर्वरीचा आजोबा:
तुम्हा पोरांना नवं वाटतंय. युजनेटच्या, म्हणजे जुन्या चर्चागटांच्या काळात एक्स-फेस होता. ४८ बाय ४८ ठिपक्यांचं काळंपांढरं चित्र, मेलच्या हेडरमध्येच, म्हणजे माथ्यावरच्या माहितीत, अक्षरं करून कोंबलेलं. माणूस स्वतःचं तोंड स्वतः पाठवायचा, मधे कुणाचा सर्व्हर नाही, कुणाला विचारणं नाही, नेट बंद असलं तरी दिसायचं. नंतर त्याच मापाचं रंगीत पण निघालं. चेहरा कसला, उडीद सांडल्यासारखं दिसायचं, पण आवडायचं. सर्वांनी सोडून का दिलं देव जाणे.

फोंडेकर:
आजोबा, तिथेही ठग दुसऱ्याचं तोंड पाठवू शकायचा ना?

पर्वरीचा आजोबा:
शकायचा. पण तेव्हा ठगाला आमच्याकडून मिळणार काय होतं?

मोगरा:
😂 मला एक सांगा, २०२० मध्ये थंडरबर्डचं ७८ आलं तेव्हा जुनी अ‍ॅडऑनं एका दिवसात बंद पडली, माझं फोटोचं पण त्यातच गेलं, आई दोन महिने विचारत होती चित्रं कुठे गेली. या नव्याचं पण तसंच होणार नाही कशावरून?

छापखानेवाला (म्हापसा):
होईलही. तेव्हा परत वकिलांना स्मरणिका जाईल.
पण कुळागर म्हणतात ते डोक्यात बसलं. काल रात्री सेटिंगमध्ये जाऊन ग्रॅव्हटार बंद केला, आता फक्त अ‍ॅड्रेस बुक. परवानगीचं मात्र मी मानत नाही, यादीत फोटो हवा तर त्याला यादी वाचावीच लागणार, डोळे मिटून दाढी कशी करेल?

कुळागर:
ठीक, अर्धं तरी ऐकलंत. आता सांगा, तुमची गिऱ्हाइकं ३०० तरी असतील, त्यांचे फोटो अ‍ॅड्रेस बुकात कोण लावणार?

छापखानेवाला (म्हापसा):
व्हॉट्सअ‍ॅपचा डीपी सेव्ह करून चिकटवतोय एकेक. ४० झाले.

कुळागर:
विचारून?

छापखानेवाला (म्हापसा):
वकिलांना विचारलं. म्हणाले लेखी पाठव.