शब्दचर्चा : 'रीड' म्हणजे वाच की मोज?

लॅबमध्ये नवीन आलेल्या मुलांसाठी पॉवर मीटर कॉम्प्युटरवरून कसा चालवायचा याची मराठीत टिपणं लिहितोय आणि एका ठिकाणी अडकलोय. स्किपीमध्ये (एससीपीआय, १९९० सालापासूनची मोजणाऱ्या उपकरणांची कॉमन कमांड भाषा) आकडा मागायला तीन शब्द आहेत, मेझर, रीड आणि फेच. मी तिन्हींना 'वाचन घेणे' लिहून मोकळा झालो. एका मुलीने ते वाचून शंभर वेळा फिरणारा लूप लिहिला, आत नुसतं फेच, आणि शंभरच्या शंभर आकडे शेवटच्या दशांशापर्यंत सारखे. ती खूश, सिग्नल किती स्थिर आहे म्हणून. प्रत्यक्षात मीटरने एकदाच मोजलं होतं आणि तोच आकडा परत परत देत होता. चूक तिची नाही, माझ्या शब्दाची आहे. तिन्हींना वेगवेगळे शब्द सुचवा ना.

प्रतिसाद :
फेचला सरळ 'आण' म्हणा. ते काही मोजत नाही, आधी मोजून ठेवलेलं आणून देतं. रीड म्हणजे इनिशिएट करून मग फेच, म्हणजे मोजणी नव्याने सुरू करायची आणि संपली की आकडा द्यायचा. म्हणून रीडला 'वाच' म्हणणं सगळ्यात धोक्याचं, मराठीत आपण वाचतो ते आधीच लिहिलेलं असतं आणि ते काम तर फेचचं झालं. रीडला 'मोज' लिहा.
मेझरला 'लावून मोज' चालेल का बघा. कारण मेझर म्हणजे कॉन्फिगर आणि रीड एकत्र, ते आधी सेटिंग स्वतः लावतं आणि मगच मोजतं. घड्याळ लावणे, स्टेशन लावणे यातला हा 'लावणे'. मुलांना हेही सांगा की तुम्ही हाताने केलेली सेटिंग त्यात उडू शकते, 'लावून' या शब्दात तो इशारा आपोआप येतो.

प्रतिसाद :
लावून मोज आवडलं. क्वेरीला (शेवटी प्रश्नचिन्ह देऊन उपकरणाला विचारायची कमांड) मात्र पृच्छा वगैरे करू नका, क्वेरीच राहू द्या, तोंडात तेच आहे.
एक गंमत सांगते, यातल्या बऱ्याच कमांडमध्ये क्रियापदच नसतं. 'फ्रिक्वेन्सी एक गिगाहर्ट्झ' पाठवलं की अर्थ होतो एवढी ठेव, आणि नुसतं 'फ्रिक्वेन्सी' लिहून पुढे प्रश्नचिन्ह दिलं की अर्थ होतो किती ठेवलीय सांग. क्रियापद आपण मनात घालायचं. आणि कोलन देऊन जी लांबलचक साखळी लिहितात ना, सेन्स, फ्रिक्वेन्सी, सेंटर, ती मराठीत चा-ची-चे लावून त्याच क्रमाने वाचता येते, 'सेन्सच्या फ्रिक्वेन्सीचा सेंटर'. इंग्रजीत ऑफ लावून वाचायचं तर शेवटून सुरुवात करावी लागते. मी शिकवताना कोलन दिसला की 'च्या' म्हणा असंच सांगते आणि मुलं साखळी कुठे तुटली ते स्वतः शोधतात.

धागाकर्ता :
कोलन म्हणजे 'च्या', हे मी घेणारच! ओपीसी (ऑपरेशन कम्प्लीट) क्वेरीला मी आधीच 'झालं का?' लिहिलंय, काम संपलं की उपकरण उत्तरात १ पाठवतं, त्यामुळे ते नीट बसतं. मोज लिहू की मोजा?

प्रतिसाद :
मोज. 'मोजा' लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल की त्यालाच मोजायला सांगताय. टिपणात माणसाला अहो-जाहो आणि यंत्राला अरे-तुरे ठेवा, कोणाला काय सांगितलंय ते लगेच कळतं.

धागाकर्ता :
बदललं. आता ओळ अशी आहे : "मीटरला 'मोज' पाठवा, आकडा लिहून घ्या, दरवेळी नवा आकडा हवा असेल तर लूपमध्ये 'आण' एकटं वापरू नका." त्या मुलीला लूपमध्ये फेचच्या जागी रीड घालायला सांगितलं, आता शेवटचे दोन अंक हलताना दिसतायत.