ड्रिफ्ट बोट कशाची करावी? प्लायवूड, फायबर की अ‍ॅल्युमिनियम?

उथळपाणी

गळाने मासेमारी करण्यासाठी सोळा फुटी ड्रिफ्ट बोट हवी आहे. अमेरिकेतल्या मॅकेंझी नदीवर जी घडत गेली त्या पद्धतीची: तळ सपाट, दोन्ही टोकं वर उचललेली, बाजू बाहेर झुकलेल्या, इंजिन नाही, फक्त वल्ही. नदी उथळ, तळाला गोटे आणि मधूनमधून कातळ. धारेला चांगलाच जोर असतो. बोटीत तिघं बसणार.

मला सुतारकाम येतं, वेल्डिंग येत नाही. प्लायवूडची स्वतः बांधावी, तयार अ‍ॅल्युमिनियमची घ्यावी, की एक वापरलेली फायबरची बघून ठेवली आहे ती घ्यावी, हे ठरत नाहीये. लाकूड नदीत टिकत नाही असं जो तो सांगतो. हे कितपत खरं आहे?

वाहतीधार

अ‍ॅल्युमिनियम घ्या आणि मोकळे व्हा. पोचे पडतील, पण फुटणार नाही. रंग नको, वॉर्निश नको, उघड्यावर राहिली तरी चालते. माझी कित्येकदा दगडावर आपटली आहे, अजून थेंबभर पाणी आत आलेलं नाही.

कातळकाठ

फुटत नाही हे खरंच. पण गोट्यांच्या नदीत मी आधी दुसरी गोष्ट बघतो: बोट दगडावर चढली तर घसरून पुढे जाते की तिथेच अडकते?

ड्रिफ्ट बोटीत वल्हवणारा प्रवाहाच्या दिशेला तोंड करून बसतो आणि उलटं वल्हवत बोटीचा वेग धारेपेक्षा कमी ठेवतो. सगळा ताबा त्यावर. अ‍ॅल्युमिनियम मऊ असतं, दगडाची कड त्यात रुतते, पत्रा खरवडला जातो आणि बोट जागच्या जागी थांबते. मागून येणारं पाणी काही थांबत नाही. बोट आडवी होते, धारेकडची कड खाली दाबली जाते आणि बघता बघता आत पाणी. फायबरचा किंवा इपॉक्सीने (दोन भाग मिसळले की घट्ट होणाऱ्या रेझिनने) गुळगुळीत केलेला तळ त्याच दगडावरून बहुतेक वेळा घसरून जातो. तळाचा निसरडेपणा ही सुरक्षिततेची बाब आहे, हे मी कुणालाही आधी सांगतो.

म्हणून तळ आणि बाजू यांचा विचार वेगवेगळा करा. बाजूंना कडकपणा आणि हलकेपणा लागतो. तळाला घसरणं आणि झिजणं जमलं पाहिजे. तळ हा झिजणारच, तो पुन्हा करता येईल असाच बांधायचा.

आता कडकपणाचं बघू. पत्रा किंवा फळी वाकायला किती विरोध करते हे जाडीच्या घनावर ठरतं. ३.२ मिमी अ‍ॅल्युमिनियमचं वजन चौरस मीटरला साधारण ८.६ किलो. ९ मिमी प्लायवूडचं साडेपाच किलोच्या आसपास. धातू म्हणून अ‍ॅल्युमिनियम प्लायवूडपेक्षा सातआठ पट ताठ, पण जाडीच्या जोरावर ते हलकं प्लायवूडच जवळपास तिप्पट कडक निघतं. वरून काच-कापड आणि इपॉक्सी चढवलं तरी वजन पत्र्याच्या फार पुढे जात नाही. हां, टोकदार दगड थेट घुसला तर पत्रा वाकून तग धरतो आणि प्लायवूडला भोक पडतं. तिथे वाहतीधार यांचा मुद्दा मान्य.

तिन्हींच्या वजनाच्या फरकाची मात्र फार चिंता नको. या मापाच्या बोटीचा पाण्याला टेकलेला भाग धरा चार चौरस मीटर. म्हणजे ४० किलो वाढले की बोट एक सेंटिमीटर खाली बसते. उथळ पाण्यात त्या एका सेंटिमीटरपेक्षा तळाचा बाकदारपणा आणि सामान कुठे ठेवलंय यानेच जास्त फरक पडतो. वजन जाणवतं ते वल्ह्यावर, जड बोट धारेत थोपवून धरताना.

आणि आवाज. अ‍ॅल्युमिनियमच्या तळावर नांगराची साखळी पडली की तो ठणका थेट पाण्यात उतरतो, कारण पत्र्याची दुसरी बाजू पाण्यालाच चिकटलेली असते. हवेत बोललेलं बहुतेक पृष्ठभागावरूनच परत फिरतं. शांत, नितळ पाण्यात मासा बुजू नये असं वाटत असेल तर लाकडासारखं दुसरं काही नाही. थंडीत पाय ठेवायलाही तेच बरं.

तुम्हाला सुतारकाम येतं, वेल्डिंग येत नाही. मग प्लायवूडचीच बांधा. नदीकाठी फुटली तरी तुम्हीच दुरुस्त करू शकाल. अ‍ॅल्युमिनियमला आर्गॉन वायू लागतो, साफसफाई लागते, अनुभवी हात लागतो, आणि वेल्डच्या दोन्ही अंगांना पत्रा तापून नरम पडतो तो वेगळाच.

उथळपाणी

खूपच उपयोगी पडलं, मनापासून आभार. तळ नेमका कसा करायचा? तळाला प्लास्टिकची जाड शीट लावतात असंही वाचलं होतं.

कातळकाठ

मी करतो ते सांगतो. तळाच्या प्लायवूडला बाहेरून विणलेलं काच-कापड, इपॉक्सीत. चटईसारखी तुकड्यांची मॅट इपॉक्सीबरोबर नको. बहुतेक मॅटमधले धागे धरून ठेवणारा चिकटा पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरिनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही. पॉलिएस्टर रेझिन लाकडाला नीट धरत नाही, त्यामुळे तोही मार्ग बंद. कापडावरच्या शेवटच्या दोन थरांत ग्रॅफाइटची पूड मिसळायची. तळ काळाकुळकुळीत होतो आणि घसरतो छान. थर चढवताना मधे चिकट मेण आल्यासारखं वाटलं तर पाण्याने घासून धुवा, मगच पॉलिश पेपर मारा. ते धुतलं नाही तर पुढचा थर सोलून निघतो.

तळ आणि बाजू जिथे भेटतात ती कड सगळ्यात आधी मार खाते. तिथे बाहेरून कठीण लाकडाची बारीक पट्टी स्क्रूने लावून ठेवा. झिजली की काढायची, दुसरी लावायची.

प्लास्टिकची शीट दगडावर उत्तम घसरते, पण तिला गोंद धरत नाही, स्क्रूच लागतात. शिवाय ती तापमानाने भलतीच वाढते: चार मीटरच्या शीटला ३० अंशांच्या फरकाने दीड-दोन सेंटिमीटर. तेवढ्यात अ‍ॅल्युमिनियम वाढतं तीन मिलिमीटरसुद्धा नाही. म्हणून स्क्रूची भोकं लांबट पाडावी लागतात, नाहीतर शीटला फुगवटे येतात. अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीला हा उपाय चांगला. लाकडी तळाला एवढी भोकं पाडायला माझं मन घेत नाही.

जुनीवल्ही

लाकूड टिकत नाही, यावर थोडं. माझी लाकडी बोट आहे आणि ती नदीमुळे कधीच कुजलेली नाही. लाकूड कुजतं ते आत साचून राहिलेल्या पावसाच्या पाण्याने. नदीतून आलात की बूच काढा, नाळेकडची बाजू उंच करून ठेवा, वर आच्छादन घाला पण दोन्ही टोकांना हवा खेळू द्या. घट्ट गुंडाळलेली बोट आतून घामेजते. ओल आधी शिरते फळीच्या कापलेल्या टोकांतून, तेव्हा बांधतानाच प्रत्येक टोकाला पातळ इपॉक्सी पोटभर पाजा. इपॉक्सीवर वॉर्निश किंवा रंग लागतोच, उन्हात ती नुसती टिकत नाही.

वाहतीधार, तुमच्यासाठीही एक सांगतो. तांब्याच्या क्षारांनी प्रक्रिया केलेल्या लाकडी ओंडक्यांवर अ‍ॅल्युमिनियमची बोट ठेवत असाल तर मधे रबर घाला. ओल आली की त्या तांब्याने पत्र्याला खड्डे पडतात.

वाहतीधार

हे माहीत नव्हतं. ट्रेलरच्या फळ्या तशाच आहेत, आजच बघतो.

उथळपाणी

प्लायवूडचं पक्कं करतोय. तरी ती फायबरची बोट स्वस्तात मिळत असेल तर तिच्यात काय तपासू? बाहेरून चकचकीत आहे.

कातळकाठ

चकचकीतपणा सोडा, आधी वजन करा. त्याच बनावटीच्या नव्या बोटीपेक्षा बरीच जड भरली तर तळाच्या दोन थरांमधल्या भरावात पाणी शिरलेलं आहे आणि ते सहजी निघत नाही. मग नाण्याने सगळा तळ ठोकत जा, हातभर अंतर सोडू नका. टणक आवाजाच्या मधेच बद्द आवाज आला तर तिथे थर सुटलेत. जेलकोटचे, म्हणजे वरच्या चकचकीत थराचे, टवके आणि चरे यांना घाबरू नका, ती लांबी भरण्याइतकी सोपी कामं आहेत.

सगळ्यात बारकाईने बघायची ती स्क्रूची भोकं: नांगराच्या कप्पीखाली, बसायच्या जागांखाली. पाणी बहुधा तिथूनच शिरतं. एखादा स्क्रू मालकाला विचारून काढा. भोकातून ओला भुगा आला तर सरळ नाही म्हणा. कोरडं असेल तर घेतल्यावर प्रत्येक भोक थोडं मोठं करून इपॉक्सीने भरा आणि ते घट्ट झाल्यावर त्यातच नवं भोक पाडा. तुमच्या प्लायवूडच्या बोटीलाही पहिल्या दिवसापासून हेच करा.