फोर्टीनायनर्सनी फर्स्ट राउंडचा पिक दरवर्षी सरळ विकून टाकावा, माझं स्पष्ट मत

फ्रिमाँटकर:
एनएफएलचा (अमेरिकन फुटबॉल लीगचा) ड्राफ्ट, म्हणजे कॉलेजच्या पोरांची टीमनी नंबरवार निवड, जवळ आला की जो तो मॉक ड्राफ्ट (अंदाजाची यादी) घेऊन बसतो, टॅकल घ्या नाहीतर कॉर्नर घ्या, आणि मला दरवेळी वाटतं अरे घेताय कशाला, विका ना. पहिल्या राउंडचा पिक (निवडीचा नंबर) द्यायचा, मागे सरकायचं आणि दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या राउंडचे पिक गोळा करायचे. आपल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या नायनर्सचा (फोर्टीनायनर्सचा) इतिहास काढून बघा. जो मोंटाना १९७९ चा तिसरा राउंड, ८२ वा नंबर. ड्वाइट क्लार्क त्याच वर्षीचा दहावा राउंड. टेरेल ओवेन्स तिसरा, फ्रँक गोर तिसरा, फ्रेड वॉर्नर तिसरा, किटल पाचवा, आणि ब्रॉक पर्डी तर २६२ वा, अख्ख्या ड्राफ्टमधला शेवटचा पोरगा.

आणि फर्स्ट राउंडचे बघा. जिम ड्रकनमिलर १९९७, क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा मुख्य खेळाडू) म्हणून घेतला आणि १९९९ ला मायामीला देऊन टाकला. ए. जे. जेन्किन्स २०१२, नायनर्ससाठी रेग्युलर सीझनला एक कॅच नाही, एक! केंटवान बामर, रूबेन फॉस्टर, सॉलोमन थॉमस, किनलॉ. ट्रे लान्सचं तर बोलायलाच नको, त्याच्यासाठी तीन फर्स्ट राउंड दिले आणि दोन वर्षांनी डॅलसकडून चौथ्या राउंडचा एक पिक घेऊन पाठवणी केली. नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा.

आपला कोच बिल वॉल्शला हे १९८६ लाच कळलं होतं. अठराव्या नंबरवरून मागे मागे सरकत गेला, पहिल्या राउंडमधे कोणालाच घेतलं नाही, आणि त्या ड्राफ्टमधून कोण आले, तर टॉम रॅथमन, जॉन टेलर, टिम मॅकायर (तिघं तिसरा राउंड), चार्ल्स हेली, स्टीव्ह वॉलेस, केविन फेगन (तिघं चौथा). १९८९ च्या जानेवारीत सिनसिनाटीविरुद्ध सुपर बोलमधे (लीगच्या फायनलमधे) ३४ सेकंद उरले असताना टचडाउन कोणी पकडला? टेलरने. हेली तर हॉल ऑफ फेममधे. बोला आता.

कँडलस्टिकची थंडी:
अहो फ्रिमाँटकर, बोलतो की. तुम्ही यादीतून सोयीचे तेवढे वेचलेत. रॉनी लॉट १९८१, पहिला राउंड, आठवा नंबर. त्या वर्षी लॉट, एरिक राइट आणि कार्लटन विल्यमसन असे तीन रूकी (पहिल्याच वर्षाचे) सेकंडरीत (मागच्या बचावफळीत) उभे केले, लोक हसले, आणि त्याच सीझनला पहिली सुपर बोल आली. ब्रायंट यंग १९९४ पहिला राउंड, त्याच सीझनला पाचवी सुपर बोल. पॅट्रिक विलिस आणि जो स्टेली दोघं २००७ च्या एकाच फर्स्ट राउंडमधले. निक बोसा. आणि एक कोणीतरी जेरी राइस नावाचा होता, ऐकलंय का?

राइसची तर गोष्टच तुमच्या मुद्द्याच्या उलटी आहे. वॉल्श १९८४ ला ह्यूस्टनमधे मॅचसाठी हॉटेलात उतरलेला, रात्री टीव्हीवर मिसिसिपी व्हॅली स्टेट नावाच्या एका लहानशा कॉलेजचे हायलाइट्स लागले आणि त्यात हा पोरगा दिसला. पुढच्या ड्राफ्टला नायनर्सचा नंबर २८ वा, म्हणजे सुपर बोल जिंकल्यामुळे सगळ्यात शेवटचा. वॉल्शने पॅट्रिअट्सना आपल्या पहिल्या तिन्ही राउंडचे पिक दिले (तिसऱ्या राउंडचा एक परत मिळाला) आणि सोळाव्या नंबरवर उडी मारली. पहिले काही महिने राइसच्या हातातून इतके बॉल सुटत होते की आपलेच लोक ओरडायचे. मग डिसेंबरमधे रॅम्सविरुद्ध सोमवारी रात्री १० कॅच, २४१ यार्ड. तुमच्या हिशोबाने वॉल्शने त्या दिवशी पिक विकायला हवा होता.

बाब्या सॅन होजे:
+१ थंडी काका. २८ व्या नंबरवर पॅट्रिअट्सनी ट्रेव्हर मॅटिच नावाचा सेंटर घेतला, आज गुगल केल्याशिवाय कोणाला आठवणार पण नाही

सांगलीचा नवखा:
मी इथे नवीन आहे, भाच्यामुळे मॅच बघायला लागलो. हा ड्राफ्ट म्हणजे आयपीएलच्या लिलावासारखाच प्रकार ना? मग पैसे लावून पाहिजे तो घ्यायचा, विकायचा काय संबंध?

मिसेस रेडवूड:
नाही हो, लिलाव नाही. पैशाची बोली नसते, नंबर असतात. गेल्या सीझनला सगळ्यात वाईट खेळलेल्या टीमचा नंबर पहिला आणि चॅम्पियनचा शेवटचा, असे सात राउंड, दर राउंडला साधारण प्रत्येक टीमला एक पोरगा, सगळे कॉलेजमधून येणारे. पण तो नंबर टीमच्या मालकीचा असतो, पुढच्या वर्षांचे पण, त्यामुळे देवाणघेवाण चालते. २०११ पासून रूकींचा पगार पण नंबरप्रमाणे ठरलेला आहे आणि फक्त पहिल्या राउंडवाल्यांना टीम पाचव्या वर्षासाठी स्वतःच्या मर्जीने ठेवू शकते. फ्रिमाँटकर हे पाचवं वर्ष हिशोबात धरत नाहीत, बाकीच्या राउंडना ते मिळत नाही.

आकडेमोड्या:
मी अर्धा फ्रिमाँटकरांच्या बाजूने. कॅड मॅसी आणि रिचर्ड थेलर (हो, २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेला तोच थेलर) यांनी ड्राफ्टवर अभ्यास केलाय, निष्कर्ष असा की टीम वरच्या पिकला गरजेपेक्षा जास्त भाव देतात, आणि पगार धरला तर वरून खाली येताना खेळाची किंमत कमी होते पण पगार त्याहून भराभर कमी होतो. मात्र तो अभ्यास जुन्या पगार पद्धतीवरचा. पहिल्या नंबरच्या ॲलेक्स स्मिथला २००५ ला सहा वर्षांचे ४ कोटी ९५ लाख डॉलर, त्यातले २ कोटी ४० लाख पक्के. आता पहिल्या नंबरचा पगार तुलनेने खूप खाली आलाय, त्यामुळे तो मुद्दा जसाच्या तसा आज लावता येत नाही.

पण फर्स्ट राउंड वाईट की चांगला हा प्रश्नच चुकीचा वाटतो मला. नायनर्स जिथे जिथे मार खाल्ले तिथे बघा. १९७६: जिम प्लंकेट, सॅन होजेचाच, स्टॅनफर्डचा हिरो, त्याच्यासाठी पॅट्रिअट्सना तीन फर्स्ट राउंड दिले, आणि १९७८ ला त्याला सोडून दिलं. तो मग रेडर्सकडे जाऊन दोन सुपर बोल जिंकला, वर त्या तीन पिकमधून पॅट्रिअट्सना पीट ब्रॉक, टिम फॉक्स आणि रेमंड क्लेबोर्न मिळाले. १९७८: गुडघे गेलेल्या ओ. जे. सिम्प्सनसाठी बफेलोला पिकची माळच दिली, त्यातला १९७९ चा फर्स्ट राउंड शेवटी अख्ख्या ड्राफ्टचा पहिला नंबर निघाला. १९९५: जे. जे. स्टोक्ससाठी दहाव्या नंबरवर उडी, क्लीव्हलँडला पुढच्या वर्षीचा फर्स्ट राउंड पण दिला. क्लीव्हलँडची टीम बाल्टिमोरला गेली आणि १९९६ ला त्या २६ व्या पिकवर कोण घेतला? रे लुईस. २०१३ च्या फेब्रुवारीत नायनर्स सुपर बोल ३४-३१ हरले ते याच रे लुईसच्या शेवटच्या मॅचमधे.

२०२१ चा लान्स त्याच माळेतला. आजचा पिक वापरा, चुकला तर चुकला. पुढच्या वर्षांचे पिक एका पोरासाठी उधळू नका, एवढंच माझं म्हणणं.

बाब्या सॅन होजे:
प्लंकेट आणि लान्स दोघांना तीन तीन फर्स्ट राउंड, दोघं क्वार्टरबॅक, ४५ वर्षांचं अंतर. आपण काहीच शिकत नाही भाऊ 😂

फ्रिमाँटकर:
आकडेमोडे, तुम्ही माझीच बाजू मांडताय, फक्त कबूल करत नाही. आणि २००५ राहिलं की. क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स, कॅलिफोर्नियातल्या चिकोचा पोरगा, लहानपणापासून नायनर्सचा फॅन, बर्कलीला खेळलेला, म्हणजे दाराशी उभा होता. त्याला सोडून पहिल्या नंबरवर ॲलेक्स स्मिथ. रॉजर्स न्यूयॉर्कला त्या खोलीत कॅमेऱ्यांसमोर तासन् तास बसून राहिला आणि २४ व्या नंबरवर ग्रीन बेने उचलला. नंतर त्याला विचारलं किती वाईट वाटलं तर म्हणाला मला जेवढं वाटलं त्यापेक्षा नायनर्सना जास्त वाटेल. पहिला नंबर हातात असून ज्यांना घरचा पोरगा ओळखता आला नाही त्यांच्याकडे फर्स्ट राउंड द्यायचाच कशाला.

मिसेस रेडवूड:
थांबा थांबा. मी स्मिथची बाजू घेणार, कोणी घेत नाही म्हणून. त्या पोराला सुरुवातीची सहा-सात वर्षं जवळपास दर सीझनला नवा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाचा कोच), दरवेळी नवं प्लेबुक, मधेच खांद्याचं ऑपरेशन. पहिल्या वर्षी एक टचडाउन आणि अकरा इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेले बॉल) हे खरंय, पण रॉजर्सला तीन वर्षं ग्रीन बेच्या क्वार्टरबॅक फार्वच्या मागे बसून शिकायला मिळालं, ते इथे मिळालं असतं का? मी म्हणते त्या टीममधे रॉजर्स पण मोडला असता.

आणि १४ जानेवारी २०१२ विसरलात? कँडलस्टिक स्टेडियम, समोर सेंट्स. दोन मिनिटांच्या आसपास उरलेली, स्मिथ डावीकडून स्वतः पळत सुटला, २८ यार्ड, पुढे ब्लॉक करत कोण धावतोय तर स्टेली, २००७ चा फर्स्ट राउंड. मग सेंट्सनी जिमी ग्रॅहमच्या टचडाउनवर परत लीड घेतली. आमच्याकडे सगळे गप्प, नवरा उठून स्वयंपाकघरात गेला. आणि नऊ सेकंद उरले असताना स्मिथने १४ यार्डवरून बॉल मारला तो व्हर्नन डेव्हिसच्या छातीत, डेव्हिस २००६ चा फर्स्ट राउंड. ३६-३२. डेव्हिस रडत रडत कोच हार्बॉच्या गळ्यात पडला. फेकणारा, पकडणारा आणि वाट काढून देणारा, तिघं तुमच्या त्या 'विकून टाका' वाल्या राउंडमधले. अजून एक, रॉजर्स प्लेऑफमधे नायनर्सशी चारदा खेळला आणि चारही वेळा हरला. आता सांगा वाईट कोणाला वाटलं.

कँडलस्टिकची थंडी:
ताई टाळ्या 👏👏 २०१९ ची डिफेन्सिव्ह लाइन पण घाला यात, आर्मस्टेड, बकनर, थॉमस, बोसा चौघं नायनर्सचे फर्स्ट राउंड, आणि डी फोर्ड चीफ्सचा फर्स्ट राउंड होता तो विकत आणलेला. आदल्या वर्षी ४-१२, त्या वर्षी १३-३.

फ्रिमाँटकर:
आणि मग? सुपर बोलमधे २०-१० पुढे, सात मिनिटं उरलेली, थर्ड अँड १५ (तिसरी संधी, १५ यार्ड हवेत), एवढी फर्स्ट राउंडची फौज अंगावर असताना चीफ्सचा क्वार्टरबॅक महोम्सने मागे मागे जात टायरीक हिलला ४४ यार्डचा बॉल टाकला आणि तिथून मॅच गेली. महोम्स २०१७ ला दहाव्या नंबरवर गेला. आपला नंबर दुसरा होता. शिकागोशी अदलाबदल करून तिसऱ्यावर आलो (ही ट्रेड चांगलीच होती, तेवढं मान्य) आणि घेतला सॉलोमन थॉमस. त्याच महोम्सकडून फेब्रुवारी २०२० ला एकदा आणि २०२४ ला ओव्हरटाइममधे २५-२२ असे दोनदा हरलो. थॉमसने किती सॅक (क्वार्टरबॅकला पाडणं) केले ते मला विचारू नका, बीपी वाढतं.

बरं बकनरचं बघा. चांगला, तरणाताठा माणूस इंडियानापोलिसला दिला, बदल्यात १३ वा नंबर आणला. तो पण टँपाला देऊन एक घर मागे आलो आणि घेतला किनलॉ, त्याचे गुडघे कायम दुखरे. टँपाने त्या १३ व्यावर ट्रिस्टन वर्फ्स घेतला आणि तो पहिल्याच वर्षी सुपर बोल जिंकला.

आकडेमोड्या:
म्हणजे तुम्ही म्हणता तसं मागे सरकलो तिथेच फसलो 😄 एक घर मागे आलो आणि वर्फ्स गेला. आणि महोम्स घ्यायला हवा होता म्हणता, मग तो काय चौथ्या राउंडमधे मिळणार होता? तुमची दोन्ही उदाहरणं फर्स्ट राउंड वापरा असंच सांगतायत.

वॉल्शच्या १९८६ चं पण तसंच आहे. मागे सरकून जमलं कारण सरकणारा वॉल्श होता. तेच पुढच्या वर्षी त्यानेच दोन फर्स्ट राउंड वापरले, हॅरिस बार्टन आणि टेरेन्स फ्लॅगलर, पहिला दहा वर्षं लाइन सांभाळत होता, दुसरा आला तसा गेला.

बाब्या सॅन होजे:
लान्सवर माझं मत वेगळंय, सगळे त्या पोराला शिव्या घालतात पण नॉर्थ डकोटा स्टेटला कॉलेजच्या १७ मॅचलाच स्टार्ट केलेला, त्यात २०२० ला कोविडमुळे एकच मॅच, मग २०२२ ला दुसऱ्याच मॅचला घोटा मोडला, नायनर्ससाठी एकूण स्टार्ट किती तर चार. एवढ्या कच्च्या पोरासाठी एवढी किंमत मोजणाऱ्यांची चूक, त्याची काय. आणि तेव्हा सगळे खात्रीने सांगत होते की कोच शॅनहॅनला मॅक जोन्स पाहिजे म्हणून ही ट्रेड केलीय. तो मॅक जोन्स २०२५ ला फ्री एजंट (करार संपलेला मोकळा खेळाडू) म्हणून पर्डीचा बॅकअप झाला, एक पण पिक न देता!!

फ्रिमाँटकर:
हेच तर म्हणतोय मी सकाळपासून. थांबलं की स्वस्तात मिळतं.

मिसेस रेडवूड:
स्वस्तात? पर्डीला २०२५ ला पाच वर्षांचे २६ कोटी ५० लाख डॉलर दिले की. शेवटच्या नंबरचा पोरगा चार वर्षं स्वस्त असतो, मग बिल येतंच. आणि आता तो पगार झाल्यावर तर फर्स्ट राउंडची स्वस्त पोरं जास्तच लागणार, पिअर्सल, मायकल विल्यम्स वगैरे. विकून कसं चालेल?

फ्रिमाँटकर:
ताई एका फर्स्ट राउंडच्या पगारात तिसऱ्या राउंडची दोन-तीन पोरं येतात, त्यातला एक जरी फ्रेड वॉर्नर निघाला

कँडलस्टिकची थंडी:
आणि नाही निघाला तर? तिसऱ्या राउंडच्या फुसक्या निघालेल्यांची यादी कोणी करत नाही म्हणून तो राउंड गोड वाटतो. जेन्किन्स लक्षात राहतो कारण तो पहिला होता.

सांगलीचा नवखा:
बरंच कळलं, धन्यवाद मंडळी. एक विचारायचं राहिलं, वर ते ओ. जे. सिम्प्सन म्हणालात तो म्हणजे तोच का, खुनाचा खटला चाललेला?

आकडेमोड्या:
हो तोच. आणि त्या ट्रेडचं पुढे काय झालं ऐका. बफेलोने त्या पहिल्या नंबरवर टॉम कझिनो घेतला, तो पगारावरून रुसून कॅनडात माँट्रियलला खेळायला गेला. मग बफेलोने त्याचे हक्क क्लीव्हलँडला विकले, बदल्यात १९८३ चा फर्स्ट राउंड घेतला आणि त्यावर उचलला जिम केली. तो बफेलोला सलग चार सुपर बोलला घेऊन गेला.

बाब्या सॅन होजे:
चारही हरले ते पण सांगा की