अनुभव धागा : कार्टूनमधली गंमत आणि तिच्यामागचा इतिहास

कार्टून मालिकेतल्या एखाद्या गंमतीवर आपण आधी पोट धरून हसतो. तिच्यामागचा इतिहास किंवा सिनेमा फार उशिरा सापडतो. तुमचं असं काही झालंय? नाशिककरांनी तर हक्काने लिहा.

गंगापूर रोडवरून :
‘पिंकी अँड द ब्रेन’ या कार्टूनमधल्या ब्रेन नावाच्या उंदराचा भारदस्त आवाज शाळेत आम्ही सगळेच काढायचो. पुढे कॉलेजात ‘सिटिझन केन’ हा जुना अमेरिकन सिनेमा पाहिला. त्यातला नट ऑर्सन वेल्सने तोंड उघडलं आणि मी चमकलो, अरे, हा तर आपला ब्रेन! ब्रेनला आवाज देणाऱ्या मॉरिस लामार्शने तो आवाज वेल्सवरूनच बेतलाय.

पाथर्डी फाट्यावरून :
मी इतिहास शिकवते. ‘सिम्प्सन्स’ या अमेरिकन कार्टून मालिकेचा १९९६ चा ‘लिसा द आयकॉनोक्लास्ट’ हा भाग माझा फार लाडका. गावाचा संस्थापक जेबेडाया मुळात समुद्री चाचा होता आणि अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टनच्या जिवावर उठला होता, हे सिम्प्सन कुटुंबातली मुलगी लिसा शोधून काढते. त्याचा कबुलीजबाब कशावर लिहिलेला? चित्रकार गिल्बर्ट स्टुअर्टने काढलेल्या वॉशिंग्टनच्या अपुऱ्या चित्राच्या फाटक्या तुकड्यावर! ते १७९६ चं चित्र खरंच आहे, खरंच अपुरं आहे, आणि एक डॉलरच्या नोटेवरचा चेहरा त्यावरूनच घेतलाय. इतका अभ्यास करून केलेली थट्टा मला मनापासून आवडते.

शेवटी मात्र लिसा गावासमोर गप्प बसते, कारण त्या दंतकथेने लोकांचं भलंच केलेलं असतं. हे मला पटत नाही. पांडवलेणीला मुलांना नेलं की मी स्पष्ट सांगते, ही बौद्ध भिक्खूंची लेणी, पांडव फक्त नावात. मुलं हिरमुसतात. मग तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा ब्राह्मी लेख दाखवते. एका आईने आपल्या मुलाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा, पराक्रम दगडात कोरून ठेवलाय म्हटल्यावर तीच मुलं अक्षरं लावायला पुढे सरसावतात.

नाशिकरोडहून :
अमेरिकेत शिकताना मला वर्गात ‘अपू’ म्हणायचे, ‘सिम्प्सन्स’मधल्या भारतीय दुकानदारावरून. हँक अझेरिया या गोऱ्या अमेरिकन नटाने २०२० मध्ये त्या पात्राला आवाज देणं सोडलं, तेव्हा फार बरं वाटलं. मालिका आवडते, पण अपूवर मला आजही हसू येत नाही.

पंचवटीतून :
‘द फ्लिंटस्टोन्स’ ही कार्टून मालिका १९६० ची. अश्मयुगातली माणसं, आणि पायांनी पळवायची मोटार! मला तर आपली तमाशातली गवळणच आठवते. गवळणींची म्होरकी मावशी निघालेली असते मथुरेच्या बाजाराला, आणि बोलते आजच्या महागाईवर. कृष्णाचा सवंगडी पेंद्याही तिला त्याच सुरात उत्तर देतो. सिन्नरकडच्या जत्रांत रात्र रात्र गवळण पाहिलेली मंडळी इथे असतीलच. त्यातले सवाल-जवाब आठवत असतील तसे टाका. मला ते जमवून ठेवायचे आहेत.