घरामागच्या तळ्यावर हॉकी

प्रेषक: मृ. कु., बारहेवन
सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

आम्ही ऑगस्टमध्ये पुण्याहून ऑटवाला आलो. हा आमचा पहिलाच हिवाळा. मुलगा ११ वर्षांचा आहे. वर्गात दिवसभर बर्फावरच्या हॉकीच्याच गप्पा चालतात आणि याला आजवर हॉकी म्हणजे मैदानावरची एवढंच ठाऊक.

आमच्या घरामागे एक तळं आहे. गेल्या आठवड्यात ते सगळं गोठलं. शनिवारी तीन मुलं फावडी घेऊन आली, स्नो बाजूला सारला, दोन्ही टोकांना बुटांच्या जोड्या ठेवून गोल केले आणि अंधार पडेपर्यंत खेळली. आमचा खिडकीतून हलला नाही. रात्री जेवताना एकच प्रश्न: उद्या मी जाऊ का?

उणे १८ मध्ये तळं पक्कं गोठलेलंच असणार, असं वाटतं. शेजारी म्हणतात, मुलं दरवर्षी खेळतात. तरी माझा धीर होत नाही. काय करावं? आणि सामान काय लागतं?

प्रेषक: शि. ता., कनाटा
सोमवार, रात्री ९:५८

ताई, त्याला तळ्यावर पाठवू नका. काठावर पाटी असेल, सकाळी बघून या. आपल्या नव्या वसाहतींमधली अशी तळी बहुतेक वेळा खणलेली असतात, रस्त्यांवरचं पाणी साठवायला. नेपियनचे काका सविस्तर लिहितीलच.

प्रेषक: व. ज., नेपियन
मंगळवार, सकाळी ६:१५

ताई, नमस्कार.

तुमचा धीर होत नाही ते बरोबरच आहे. शेजाऱ्यांच्या अनुभवावर जाऊ नका, कारण खणलेल्या तळ्याचा बर्फ काल होता तसा आज नसतो.

साध्या तळ्यात काय होतं ते आधी सांगतो. पाणी ४ अंशांना सगळ्यात जड असतं. त्याहून गार झालेलं पाणी हलकं होऊन वर राहतं, म्हणून बर्फ वरून धरतो आणि खाली खाली जाड होत जातो. पाणी शांत असेल तर थर बऱ्यापैकी एकसारखा होतो. तुमच्या घरामागे पाणी शांत नाही. गटारांचे पाइप तिथे येऊन सुटतात. एक दिवस ऊन पडलं की रस्त्यावरचं वितळलेलं पाणी आत शिरतं, आणि त्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ असतं. खारं पाणी उशिरा गोठतं. शिवाय पाण्याची पातळी वर-खाली होते. ती उतरली की बर्फाखाली पोकळी राहते. वरून सगळं सारखंच पांढरं दिसतं. म्हणूनच महापालिका या तळ्यांवर पाऊल ठेवू नका म्हणते, मग थंडी कितीही असो.

खऱ्या तळ्यासाठी कॅनडा रेडक्रॉसचं माप असं: एकट्याने चालायला किंवा स्केटिंगला १५ सेंमी, घोळक्याने खेळायला २० सेंमी. तेही स्वच्छ निळसर बर्फ असेल तर. स्नो मिसळून झालेला पांढरा बर्फ साधारण निम्म्याच ताकदीचा, म्हणून जाडी दुप्पट हवी. करडा दिसला तर त्यात पाणी आहे, माघारी फिरायचं.

घरी सगळ्यांनी एक गोष्ट पाठ करून ठेवा: १-१०-१. गार पाण्यात पडल्यावर श्वास ताब्यात यायला १ मिनिट लागतं. पुढची १० मिनिटं हातपाय कामाचे राहतात. थंडीने शुद्ध हरपायला साधारण १ तास असतो. म्हणजे पडलेला माणूस लगेच गोठत नाही, पण बाहेर यायचं ते त्या १० मिनिटांत. ज्या बाजूने आलो त्याच बाजूला तोंड करायचं, पाय जोरात मारत पोटावर सरकत वर यायचं आणि उभं न राहता लोळत काठ गाठायचा. वाचवणाऱ्याने धावत जायचं नाही. आधी मदतीसाठी ९११ ला फोन, मग काठावरून किंवा आडवं पडून हॉकी स्टिक पुढे करायची. मुलाला हे तुम्ही स्वतः शिकवा.

आता त्याला कुठे न्यायचं ते. ऑटवात वस्त्यांमधून दोनशेहून जास्त मैदानी रिंक, म्हणजे स्केटिंगसाठी पाणी मारून तयार केलेली बर्फाची मैदानं, आहेत. पालिका थोडे पैसे देते, पण बर्फ तयार करतात आपल्यासारखेच लोक. गेले चौदा हिवाळे मी आमच्या पार्कातल्या रिंकला पाणी मारतो आहे. नव्या स्लॅबला मारतात ना, तसंच रात्रीमागून रात्र. आधी स्नो पायांनी तुडवून घट्ट करायचा, नाहीतर पाणी खाली मुरून जातं. मग उणे १० च्या आसपासच्या रात्री पातळ थर द्यायचा, तो पूर्ण धरू द्यायचा, मग दुसरा. पहिल्या वर्षी मी घाई केली. एकदम भरपूर पाणी सोडलं. वरची साय धरली, खालचं पाणी मुरून गेलं, आणि सकाळी पापडासारखा कवचाचा बर्फ! पहिल्याच मुलाचा पाय आत गेला. ते सगळं फोडून पुन्हा केलं. भेगा पडल्या की स्नो आणि पाणी कालवून त्या लिंपायच्या. काम संपलं की पाइपातलं पाणी काढून तो खोलीत गुंडाळून ठेवायचा, कारण एकदा आत पाणी गोठलं की ती रात्र फुकट गेली.

हे हिवाळे आखडत चालले आहेत, याचं मला फार वाईट वाटतं. रिडो कालव्यावरची आपली ७.८ किमीची स्केटिंगची वाट १९७०-७१ पासून दर हिवाळ्यात उघडायची, आणि २०२२-२३ मध्ये एक दिवसही उघडली नाही. तिथे साधारण ३० सेंमी चांगला बर्फ लागतो, तो धरलाच नाही. विल्फ्रिड लॉरिये विद्यापीठाने २०१३ मध्ये ‘रिंकवॉच’ सुरू केलं, त्यात आपल्या रिंकवर आज खेळता आलं की नाही हे लोक स्वतः नोंदवतात. मीही नोंदवतो. त्यामुळे बर्फ धरलाय तोवर त्या पोराला घरात ठेवू नका. शनिवारी सकाळी १० ला आमच्या रिंकवर आणा.

प्रेषक: नि. पा., ऑर्लीन्स
मंगळवार, दुपारी १२:३०

ताई, सामानाचं मी सांगतो. जाळीचं हेल्मेट नवीन घ्या, बाकी सगळं जुनं चालतं. हॉकीचे स्केट्स बुटापेक्षा एक ते दीड नंबर लहान लागतात. मोज्यांची एकच जोडी, दोन घातल्या तर पाय आत हलतो. नव्या स्केट्सना धार नसते, दुकानातून लावून घ्या, नाहीतर मूल सारखं घसरतं आणि आपल्याला येतच नाही असं समजून बसतं. स्टिक स्केट्स घातल्यावर हनुवटीपर्यंत यावी, उंच असेल तर कापून घ्या.

रिंकवर जो खेळ चालतो त्याला शिनी म्हणतात. पंच नाही, धक्काबुक्की नाही, पक (चेंडूऐवजी असते ती रबरी चकती) उचलून मारायचा नाही. संघ पाडायची रीत मला फार आवडते: सगळ्यांच्या स्टिक मध्यभागी एका ढिगात टाकायच्या आणि एकाने न बघता एक इकडे, एक तिकडे भिरकवायची. आपण ‘चला, सुटूया’ म्हणत संघ पाडायचो, तसंच. कोणाला निवडलं नाही म्हणून कोणी रडत नाही. नवा मुलगा आला की त्यालाही दोन पास मिळतात.

काकांच्या पत्रात एक भर घालतो. खणलेली तळी नकोच, पण खऱ्या तळ्याचा नाद मुलांना लागायला हवा. मागच्या फेब्रुवारीत मित्राच्या कॉटेजवर आम्ही चार ठिकाणी भोकं पाडून मोजलं, सगळीकडे २५ सेंमीच्या वर निळा बर्फ. कडेला फळ्या नाहीत. पक जोरात मारला की शंभर पावलं आणायला जावं लागतं, म्हणून मुलं आपोआप तो स्टिकला चिकटवून ठेवायला शिकतात. न्यू ब्रन्सविकमधल्या प्लास्टर रॉकला २००२ पासून अशा तळ्यावरच्या हॉकीची जागतिक स्पर्धा भरते, चार विरुद्ध चार, गोलकीपर नाही.

आणि त्याला सांगा, ही हॉकी आपल्या देशातही आहे. लेहची मुलं गोठलेल्या तळ्यांवर खेळत मोठी होतात. २०२५ मध्ये भारताच्या मुलींनी आशिया चषकात कांस्य जिंकलं, त्या संघात लडाखच्याच मुली जास्त.

प्रेषक: मृ. कु., बारहेवन
रविवार, दुपारी ३:०५

काका, शि. ताई, पाटील साहेब, मनापासून आभार.

मंगळवारी सकाळी काठाकाठाने गेलो. पाटी होती, स्नोखाली अर्धी बुजलेली. पाइपाच्या तोंडापाशी हाताएवढं पाणी उघडं होतं, आणि शनिवारी मुलं खेळली ती जागा तिथून वीस पावलांवर. त्या तिघांच्या घरी जाऊन मी सांगून आले. एकीच्या आईला माझ्यासारखंच काही माहीत नव्हतं. तिचा मुलगाही काल आमच्याबरोबर रिंकवर आला.

आमचा पहिला अर्धा तास नुसता पडत होता. मग एका मोठ्या मुलीने त्याची स्टिक उचलून ढिगात टाकली. त्याला एक पास मिळाला, तो त्याने चुकवला, तरी दुसरा मिळाला. घरी येताना गाडीत झोपला.

काका, गुरुवारी रात्री पाणी मारायला माणसं कमी आहेत, असं काल रिंकवर म्हणालात. हे आणि मी दोघंही येतो. ९ ला यायचं ना? आणि हातमोजे रबरी आणायचे की लोकरीवर रबरी?